बंद गोदामातली खुळखुळ

१

बाटली माझ्या हातात खुळखुळली, तेव्हाच मला कळलं की ही ती बाटली नव्हे.

उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात तालिवा फार्मा नावाची औषधांची कंपनी होती. दोन हजार एकच्या मे महिन्यात तिचं दिवाळं निघालं. ऑक्टोबरमध्ये कोर्टाने तिचं बंद गोदाम उघडलं. तिच्या औषधाने ज्यांची माणसं गेली होती अशी आम्ही तीन कुटुंबं होतो. प्रत्येकाने एक माणूस पाठवावा, असं कळवलं होतं. बाकीची दोन कुटुंबं कायमची भारतात गेली होती. मी एकटाच आलो.

आत वीज नव्हती. कोर्टाने नेमलेला ट्रस्टी, एक उंच सुदानी अकाउंटंट, टॉर्च घेऊन पुढे चालला होता आणि रुमालाने सारखी मान पुसत होता. पत्र्याचं गोदाम भट्टीसारखं तापलं होतं. शेवटच्या रॅकवर एक खोकं होतं. औषधाच्या प्रत्येक बॅचमधल्या काही सीलबंद बाटल्या कंपनीला राखून ठेवाव्या लागतात. पुढे तक्रार आली तर तपासता याव्यात म्हणून. त्या बाटल्या या खोक्यात होत्या. खोक्यावर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर क्वालिटी विभागाच्या अपर्णा देवस्थळीची सही. सगळं जागच्या जागी होतं.

ट्रस्टीने पट्टी फाडली, बॅच नंबर वाचला, "सेम" म्हणाला आणि एक बाटली माझ्याकडे दिली.

ती खुळखुळली. आतल्या कॅप्सूल सुट्या होत्या.

आधी खात्री करून घ्यायची होती, म्हणून मी ती तशीच परत दिली. बाटल्या तपासणीला गेल्या. मी बाहेर येऊन गाडीत बसलो.

माझी बायको मृणालिनी जानेवारीत गेली. तिच्या हाताची बोटं दुखायची, म्हणून ती तालिफ्लेक्स नावाच्या कॅप्सूल घ्यायची. वर्षभरात तिचं यकृत बंद पडलं. कॅप्सूल आम्हाला सुजीतने सुचवल्या होत्या. सुजीत टिपणीस हा आमच्या मंडळातला मित्र आणि तालिवाचा मॅनेजर. आदल्या उन्हाळ्यात मृणालिनी एक कोरी बाटली गाडीच्या पुढच्या कप्प्यात विसरली. दोन दिवसांनी काढली, तर आतल्या कॅप्सूलचा एकच गोळा झालेला. सुजीत पोट धरून हसला होता. "वहिनी, लाडू वळलात की! जिलेटिनचं कवच असतं त्याला, उन्हाने चिकटतं. द्या टाकून." त्याने दुसरी बाटली दिली. मृणालिनीने लाडवाची बाटली टाकली नाही. कुणी उदास झालं की हलवून दाखवायला बरी आहे, म्हणाली, आणि परत कप्प्यात ठेवली.

ती गेल्यापासून मी तो कप्पा उघडला नव्हता. आता उघडला. तिच्या चष्म्याची डबी होती, रुमाल होता आणि त्यामागे बाटली. मी ती हलवली. आत एकच जड गोळा इकडून तिकडे आपटला. सील शाबूत होतं. बॅच नंबर तोच होता.

दोन दिवसांच्या उन्हाने हिचा लाडू झाला होता. मग बिनविजेच्या गोदामात अख्खा उन्हाळा काढलेल्या बाटल्या खुळखुळत कशा होत्या?

२

जहांआरा मॅडम मूळच्या हैदराबादच्या. बर दुबईत त्यांचं वकिलीचं ऑफिस होतं. लॅबचा निकाल आला तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सूर्यकांत भाई, गोदामवाली दवा बिलकुल साफ निकली. अब ट्रस्टी कहता है फाइल बंद करो."

मी लाडवाची बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि गाडीतली हकीकत सांगितली. त्यांनी ती दोनदा हलवून पाहिली. गोदामातल्या खुळखुळणाऱ्या बाटलीबद्दलही शांतपणे ऐकून घेतलं.

"मतलब किसीने बदल दी."

"हो. आणि उन्हाळा संपत आल्यावर बदलली."

"ये आपकीवाली टेस्ट होगी, ज़हर भी निकलेगा शायद. लेकिन भाई, किसके ख़िलाफ़? तालिवा तो मर गयी. मुर्दे पे केस नहीं चलता."

मला ते तेव्हा नीट समजलं नव्हतं, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. तीन कुटुंबांनी तक्रार केली आणि महिन्याभरात कंपनीने स्वतःच कोर्टात जाऊन दिवाळं जाहीर केलं. त्या क्षणापासून तिच्यावरचे सगळे दावे थांबले. आता तिच्याकडे जे उरलंय ते रांगेत उभ्या असलेल्यांना वाटायचं, आणि त्या रांगेत आम्ही शेवटचे. उरलंय काय? रिकामं गोदाम. मशीनं भंगारात गेली अशी नोंद आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी. त्या दिवशी फाइल बंद झाली की तालिफ्लेक्सने मृणालिनी गेली हे कुठलंही कोर्ट कधी ऐकणार नाही.

"मला पैसे नकोत," मी म्हटलं. "ती कशाने गेली ते कुणीतरी कागदावर म्हणायला हवं."

"तो एक काम कीजिए. दिखाइए कि कंपनी मरी नहीं. सिर्फ़ कपड़े बदले हैं."

मी मनखूलला घरी आलो. माझं काम एअर कंडिशनिंगचं. एका मोठ्या कंपनीत मी सर्व्हिस मॅनेजर आहे. घरात शिरलो की आधी मला एसीचा आवाज ऐकू येतो. आता दुसरा कुठला आवाज नसतो. झोपायच्या खोलीत छताजवळ जी जाळी आहे, तिच्या पात्या मी कधीच भिंतीकडे वळवून ठेवल्यात. थंड हवा अंगावर आली की मृणालिनीची बोटं आखडायची. अजून त्या तशाच आहेत. हवा भिंतीला लागून परत फिरते.

शुभ्राचा फोन आला. माझी मुलगी, शारजाला कॉलेजात असते, हॉस्टेलवर राहते.

"बाबा, डिड यू ईट?"

"खाल्लं."

"व्हॉट डिड यू ईट?"

मी फ्रीजकडे पाहिलं. ती हसली नाही. "बाबा, यू आर अ टेरिबल लायर. फ्रीजमध्ये पिठलं आहे, आय लेफ्ट इट फॉर यू. प्लीज."

पिठलं गरम करून मी फ्रीजवरच्या फोटोसमोर उभ्यानेच खाल्लं. मृणालिनीचा तो शेवटचा फोटो. आदल्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली होती. सुट्टीच्या दिवशी फॅक्टरी बंद, म्हणून सुजीतने आम्हाला उम्म अल कुवैनला नेलं होतं, मशीनची पूजा करायला. कॅप्सूल बनवायच्या खोलीत हवा कोरडी ठेवावी लागते, नाहीतर कवच मऊ पडतं. ते हवा कोरडी करणारं मशीन मीच बसवलेलं. मालक दुसऱ्या धर्माचे, उगाच कुणाला खटकायला नको, म्हणून सुजीतने मशीनचं पॅनेल उघडलं आणि म्हणाला, "वहिनी, आतल्या बाजूने काढा." मृणालिनीने कुंकू तेलात कालवून आत स्वस्तिक काढलं. तेवढ्यात शुभ्राने हाक मारून फोटो घेतला. मृणालिनी वळून हसतेय आणि मागे पॅनेल उघडं आहे.

३

ट्रस्टी सोडला तर गोदामात शिरू शकणारी माणसं तीनच होती. फाटकावरचा जमाल, खोकं सील करणारी अपर्णा आणि मॅनेजर सुजीत.

जमाल चितगावचा. कंपनी बंद झाली तरी ट्रस्टीने त्याला राखणीला ठेवलं होतं. फाटकाजवळच्या झाडाखाली खाट टाकून तो बसला होता. पायाशी पाण्याचा मोठा थर्मास.

"आओ एसीवाला," तो म्हणाला. "बहोत देर से आया. इधर जून में करंट काटा. मैं रूम में सोया तो सुबह रोटी के माफिक निकला. तब से इधर बाहर. तुम्हारा एसी किधर था?"

"गोदामात कोण आलं होतं, जमालभाई?"

"भंगारवाला आया, मई में, दो ट्रक. मशीन ले गया. ट्रस्टी आया."

"आणि?"

त्याने थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं. "अपर्णा मॅडम आयी थी. सितंबर में. एक बॉक्स लायी, एक बॉक्स ले गयी. दो मिनट. पसीना पसीना होके निकली. मैंने पानी दिया. मॅडम रो रही थी, मैं क्या पूछेगा?"

"सुजीतसाहेब?"

"वो? मई के बाद उसने इधर मुँह नहीं दिखाया. मेरा पगार पूछने को फोन किया तो बोलता है, इन्शाल्ला." जमाल थुंकला. "इन्शाल्ला वो बोलता है तो समझो, खलास."

मी सुजीतला करामातल्या उडपी हॉटेलात भेटायला बोलावलं. तो आला आणि मला मिठी मारली. त्याने माझ्यासाठी न विचारता डोसा मागवला, कारण मृणालिनी असताना आम्ही तिथे तेच खायचो.

"वाळलास रे, सूर्या. शुभ्रा रागवत नाही का?"

"रागावते. इंग्लिशमध्ये."

तो हसला. मी गोदामाचा विषय काढला.

"अरे, मीही सॅम्पलचं ऐकलं. क्लीन निघालं ना? मला तुझं दुःख कळतं, पण औषध ठीक होतं. वहिनींचं लिव्हर आधीच नाजूक असणार."

"बाटल्या इतके महिने पडून होत्या. खराब नाही का होत?"

"छे. गोदामाचा एसी चोवीस तास चालू होता. दिवाळ्याच्या वेळी मीच ट्रस्टीला सांगितलं होतं, बाकी काही बंद करा, तो एसी नको. सॅम्पल जपायला लागतात. लीगल रिक्वायरमेंट असते."

"तू पाहिलंस?"

"मला काय गरज जायची? मी आता कन्सल्टिंग करतो. कुठेही, कुणासाठीही." त्याने चहा संपवला. "सूर्या, कंपनी दिवाळखोर झाली. तो कायदा आहे. तिथे भांडायला कुणीच नाहीये रे. सोड. इंडियाला जाऊन ये थोडे दिवस."

तो गेला. मी त्याचा अर्धा राहिलेला डोसा बघत बसलो. जमालला वीज नसल्याचं माहीत होतं, अंगाने माहीत होतं. सप्टेंबरमध्ये अपर्णा घामाने भिजून बाहेर आली, म्हणजे तिलाही माहीत झालं. एसी चालू होता असं समजणारा माणूस एकच होता. ज्याने सुट्या कॅप्सूलच्या बाटल्या पाठवल्या, त्यालाच त्या तिथे शोभतील असं वाटलं.

पण बाटल्या ठेवणारी अपर्णा केमिस्ट होती. कॅप्सूलचं उन्हात काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मग तिने त्या तशाच का ठेवल्या?

४

अपर्णा आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. दार तिनेच उघडलं. हॉलमध्ये दोन बॅगा अर्ध्या भरलेल्या आणि अर्ध्या रिकाम्या.

"जाताय?"

"माहीत नाही, दादा. ह्यांची नोकरी गेलीये. माझा व्हिसा बदलून मिळाला तर राहू. नाहीतर पुण्याला." तिने बॅग पायाने सरकवून मला बसायला जागा केली. "चहा टाकू?"

"नको. सप्टेंबरमध्ये तुम्ही गोदामात गेला होता."

ती उभीच राहिली.

"जमालने सांगितलं?"

"त्याने पाणी दिल्याचं सांगितलं."

ती खाली बसली. स्वयंपाकघरात फ्रीज चालू झाला, बंद झाला.

"मला खोकं दिलं आणि सांगितलं, हे तिथे ठेवायचं, तिथलं आणायचं. नवी पट्टी लावून सही करायची. जुनी आपोआप सुटली होती, असं कुणी विचारलं तर म्हणायचं. मी विचारलं, का? म्हणाले, अपर्णा, व्हिसा हवाय ना?"

"सुजीत."

तिने मान हलवली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

"आत गेल्यावर मला चक्कर आली. इतकं तापलं होतं. जुन्या बाटल्या हातात घेतल्या तर एकेक दगड. नव्या हलवल्या तर..." तिने हवेत हात हलवला. "मी तिथेच उभी राहिले. वाटलं, फोन करून सांगावं, सर, इथे वीज नाहीये, हे कुणालाही कळेल. एका वाक्याचं काम होतं. ह्या बाटल्या दोन दिवस गाडीत ठेवल्या असत्या तरी पुरे होतं."

"मग?"

"नाही सांगितलं." तिने बॅगेची चेन ओढली. "मृणालिनीताई मला हळदीकुंकवाला बोलवायच्या दरवर्षी. माझ्याने एवढंच झालं, दादा. न सांगणं. वाटलं, कुणीतरी बाटली हलवेल."

मी म्हटलं, "हे कोर्टात सांगाल?"

"मी सांगितलं तर व्हिसा जाईल. जुन्या नोकरीतून सोडल्याचं रिलीज लेटर अजून त्यांच्याकडे आहे. मग मुलांची शाळा..." ती थांबली. "आणि सांगून काय? तालिवाला शिक्षा होईल? ती आहेच कुठे?"

"तुमचा नवा व्हिसा ज्या कंपनीवर होणार, तिचं नाव सांगा."

"तेवढं नका विचारू." ती रडली नाही, पण दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली. "प्लीज, दादा."

मी उठलो. दारात तिने मला विचारलं, "तुम्ही हलवलीत ना बाटली?"

"हो," मी म्हटलं.

५

नाव नसलं तरी मला एक गोष्ट कळत होती. खोक्यात आलेल्या बाटल्या ताज्या होत्या. म्हणजे कुठेतरी तीच कॅप्सूल कुणीतरी बनवत होतं, आता चांगला माल वापरून. कॅप्सूल बनवायला कोरडी हवा लागते. कोरड्या हवेला मशीन लागतं. ते मशीन दुकानात तयार मिळत नाही, मागणीप्रमाणे बनवून घ्यावं लागतं आणि यायला बरेच महिने लागतात. मे महिन्यात कंपनी बंद होऊन सप्टेंबरमध्ये ताजा माल निघत असेल, तर मशीन जुनंच होतं. भंगाराचे ट्रक भंगारात गेलेच नव्हते.

त्या मशीनमध्ये एक चाक फिरतं आणि त्याला पट्टा असतो. पट्टा वर्षभरात झिजतो. तो पट्टा या देशात एकाच ठिकाणी मिळतो, आमच्या कंपनीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर. तिथे केरू असतो. केरू राजापूरचा, सगळ्यांशी भांडून प्रेमाने बोलणारा.

"केरू, ड्राय एअरच्या मोठ्या युनिटचा पट्टा कुणी मागितला का इतक्यात?"

"मागितला की. जबल अलीच्या फ्री झोनमधून कोण झिन्वा हेल्थकेअर म्हणून. मी म्हटलं मशीनचा नंबर सांगा. तर म्हणे, प्लेट निघून गेलीये. मी म्हटलं, बिननंबराची गाडी चालवता आणि माझ्याकडे पेट्रोल मागता?" तो हसला. "उद्या माणूस पाठवायचाय पट्टा बसवायला. का हो?"

"मीच जातो."

"तुम्ही? मॅनेजर जाणार पट्टा बसवायला? उद्या मलाही ऑफिसात खुर्ची द्या मग."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कंपनीच्या व्हॅनमधून जबल अलीला गेलो. एकसारख्या गोदामांच्या रांगा, मधून मजुरांच्या पांढऱ्या बसेस. झिन्वाच्या दारावर रंगाचा वास अजून होता. गार्डने माझा गणवेश पाहिला आणि मशीनची खोली दाखवून निघून गेला.

युनिट क्रीम रंगाचं होतं. अशी युनिटं मी कितीतरी बसवलीत. नंबरप्लेटच्या जागी चार भोकं, रिव्हेट काढलेली. मला ते मशीन ओळखल्यासारखं वाटलं, पण वाटण्याने कोर्टात काही होत नाही.

मी पॅनेलचे स्क्रू काढले आणि ते उघडलं.

आत स्वस्तिक होतं. तेलातल्या कुंकवाने रंगात मुरलेलं, विटकरी झालेलं. उजवीकडचा हात थोडा खाली झुकलेला, कारण तिला बोट सरळ धरता यायचं नाही. चार ठिपक्यांपैकी तीनच होते. चौथा द्यायच्या आधी शुभ्राने हाक मारली होती आणि ती फोटोसाठी वळली होती. नंतर विसरली.

त्यावर मधोमध ताज्या कुंकवाचं एक बोट होतं आणि पॅनेलच्या कडेला वाळलेलं झेंडूचं फूल. या वर्षीच्या खंडेनवमीचं.

मागून आवाज आला, "सूर्या, तू इथे काय करतोस?"

६

सुजीत दारात उभा होता. गळ्यात झिन्वाचं ओळखपत्र होतं.

"पट्टा बसवायला आलो," मी म्हटलं.

त्याने उघडं पॅनेल पाहिलं. मग दार आतून लावून घेतलं.

"गोदामातली वीज जूनमध्ये तोडली होती," मी म्हटलं. "तुला माहीत नव्हतं. तू सोडून सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या बाटल्या खुळखुळत होत्या."

मी त्याला सगळं सांगितलं. लाडवाची बाटली माझ्या वकिलांकडे आहे, हेही. अपर्णाचं नाव मी घेतलं नाही.

"औषध खराब आहे हे मला आधी माहीत नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "शप्पथ. मालकाने पावडर दुसरीकडून घेतली होती, स्वस्त. तक्रारी आल्या तेव्हा तपासली. मग वकिलांनी प्लॅन दिला. जुनी कंपनी बुडवायची. क्लेम तिच्याबरोबर बुडतात. मशीन, माणसं, फॉर्म्युला नव्या नावावर. सगळीकडे करतात रे असं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं. मला घर चालवायचंय, सूर्या."

"मलाही होतं एक."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो पॅनेलजवळ आला. कोपऱ्यात सफाईच्या द्रवाचा डबा होता, वर फडकं. त्याने फडकं उचललं आणि द्रवात बुडवलं. माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. खोलीत आम्ही दोघंच होतो. एकदा हात फिरवला असता तर ते मशीन कुठलंही एक मशीन झालं असतं.

मी त्याला अडवलं नाही. तो माझ्यापेक्षा दणकट आहे आणि मला भांडायचं नव्हतं.

"प्लेट काढलीस तेव्हाच हे का नाही पुसलंस?" मी विचारलं.

फडक्यातून द्रव त्याच्या बुटावर ठिबकत होता.

"प्लेट मजुरांनी काढली. हे मला दिसलं. पुसणार होतो." तो थांबला. "वहिनींनी काढलेलं... पुसवेना. मग परवा खंडेनवमीला वाटलं, पूजा तर करायलाच हवी. दुसरं कुठे बोट लावणार?"

"मागच्या वर्षी पूजेच्या दिवशी जिना चढताना तिची बोटं कठडा धरत नव्हती. तू हात धरून वर आणलंस तिला."

"आठवतंय."

"म्हणाली होती, सुजीतभाऊजी, पुढच्या वर्षी बोटं बरी झाली की नीट काढीन."

सुजीतने फडकं डब्यावर ठेवलं. हात पुसायला काही नव्हतं, म्हणून पँटला पुसले. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"उद्या घेऊन ये तुझ्या वकीलबाईंना," तो म्हणाला. "आणि ट्रस्टीला. मी इथेच असेन."

"पुसणार नाहीस?"

"पुसायचं असतं तर..." तो दाराकडे वळला. जाताना दारात म्हणाला, "पट्टा बसव. हवा ओली झाली तर माल खराब होईल." आणि मग स्वतःच्याच बोलण्याने कसनुसा हसला.

मी पट्टा बसवला. आलोच होतो त्यासाठी.

७

दुसऱ्या दिवशी जहांआरा मॅडम ट्रस्टीला घेऊन आल्या. मी फ्रीजवरचा फोटो नेला होता. ट्रस्टीने फोटो पॅनेलशेजारी धरला. झुकलेला हात, तीन ठिपके. त्याने बराच वेळ पाहिलं. मग त्याने मॅडमना अरबीत काहीतरी विचारलं.

"पूछ रहे हैं, ये किसने बनाया."

"माझ्या बायकोने," मी म्हटलं.

ट्रस्टीने डोकं लववलं आणि पॅनेलचे स्क्रू काढायला सांगितलं.

सुनावणी झाली. भंगार म्हणून दाखवलेलं मशीन नव्या कंपनीत सापडलं, म्हणजे कंपनीने बुडायच्या आधी स्वतःचा माल लपवला, असं कोर्टाने मानलं. फाइल बंद झाली नाही. आमचे दावे झिन्वावर चालतील असं ठरलं. सुजीतने जबाब दिला. त्यात त्याने अपर्णाने काही जाणून केलं नाही असं सांगितलं. मग अपर्णाने स्वतः जाऊन जबाब दिला की जाणून केलं होतं. तिचा व्हिसा झाला नाही. ती पुण्याला गेली. जाण्याआधी येऊन मृणालिनीच्या फोटोसमोर बसून गेली. लाडवाची बाटली तपासली, तेव्हा पावडरीत काय होतं ते निघालं. मॅडमनी मला कोर्टाने नोंदवलेल्या तपासणीच्या निकालाची प्रत दिली. त्यात मृणालिनीचं नाव आहे आणि कशाने गेली ते लिहिलं आहे. मला हवं होतं ते एवढंच.

शुभ्राला मी फोनवर सांगितलं. ती या वेळी मराठीत म्हणाली, "बाबा, मी हाक मारली नसती तर आईने चौथा ठिपका दिला असता ना?"

"हो. आणि मग ते कुणाचंही स्वस्तिक झालं असतं."

केस अजून चालू आहे. बरीच वर्षं चालेल, असं मॅडम म्हणतात. पॅनेल कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. मी ते परत मागायला गेलो होतो. तिथला कारकून, एक वयस्कर मल्याळी गृहस्थ, चांगला माणूस. त्याने मला खोलीत नेलं. लोखंडी कपाटं, खोकी, एक मोडकी सायकल, आणि भिंतीला टेकून ते क्रीम रंगाचं पॅनेल. त्यावर दोऱ्याने नंबर बांधला होता.

"केस ख़तम होगा तब मिलेगा, साब. अभी नहीं."

"ठीक है," मी म्हटलं.

खोली फार थंड होती. छताजवळच्या जाळीतून हवेचा झोत सरळ त्या पॅनेलवर येत होता. कारकुनाला मी विचारलं, जरा हात लावू का. त्याला वाटलं, पॅनेलला. तो हो म्हणाला.

मी स्टूल ओढलं, त्यावर चढलो आणि जाळीच्या पात्या भिंतीकडे वळवून ठेवल्या.